उचल देताना मुलीचं वय विचारा : साखर कारखान्यांच्या अध्यक्षांना खुले पत्र

प्रति,
राज्यातील सर्व सहकारी व खासगी साखर कारखान्यांचे अध्यक्ष, संचालक मंडळ आणि कार्यकारी संचालक यांस,

स. न. वि. वि.

दरवर्षी पावसाळा सरत आला की मंत्री समितीची बैठक होते. गाळप कोणत्या तारखेला सुरू करायचं, एफआरपीचं, म्हणजे शेतकऱ्याला द्यायच्या किमान ऊसदराचं काय, टनामागे कोणत्या निधीला किती कपात, कर्नाटकातल्या कारखान्यांनी आधी धुराडी पेटवली तर सीमेवरचा ऊस पळेल का, या सगळ्यावर खल होतो. हे विषय मोठेच आहेत. पण हा ऊस तोडायला जी माणसं जातात, त्यांत लग्न झालेल्या आणि अठराच्या आतल्या मुली किती, हा प्रश्न त्या बैठकीत निघाल्याचं माझ्या वाचनात कधी आलं नाही. जानेवारी २०२४ मध्ये तोडणीदराचा करार झाला. मजुरी ३४ टक्क्यांनी वाढली, टनाला २७३ रुपयांचे ३६६ च्या आसपास झाले, मजुरांची टोळी जमवणाऱ्या मुकादमाचं कमिशनही एक टक्क्यानं वाढलं. त्या वाढीसाठी संघटनांनी कोयता बंद ठेवला होता, आणि ती मिळाली याचा आनंद आहे. मजुराच्या वयाबद्दल मात्र तिथंही कुणी अवाक्षर काढल्याचं ऐकलं नाही. तो करार तीन हंगामांचा होता. पुढच्या कराराच्या वेळी हा विषय टेबलावर यावा म्हणून हे पत्र.

मी बीड जिल्ह्यात, बालाघाटच्या डोंगरपट्ट्यातल्या एका माध्यमिक शाळेत इतिहास आणि मराठी शिकवते. नाव लिहीत नाही, कारण नावावरून शाळा कळेल आणि शाळेवरून मुली. दिवाळीच्या मागेपुढे आमच्या गावातल्या आळ्याच्या आळ्या कुलूपबंद होतात. हजेरी घेताना मधेच कुणीतरी सांगतं, "ती कारखान्याला गेली, मॅडम." या मुली बऱ्याचदा गुढीपाडव्याच्या सुमाराला परत येतात, मागं पडलेल्या असतात, पण येतात. दुसऱ्या काही मुलींच्या बाबतीत वर्ग काही सांगत नाही, नुसता गालात हसतो. त्या परत येत नाहीत. शाळेच्या जनरल रजिस्टरात शाळा सोडण्याच्या कारणाचा एक रकाना असतो. त्यात "लग्न" असं लिहिलेलं मी अजून पाहिलेलं नाही. "सतत गैरहजर" लिहिलं की विषय संपतो. खरं कारण लिहिलं तर पुढचा प्रश्न येणार, की तुम्हाला माहीत होतं तर कळवलं का नाही.

सरकारी आकडे तुम्हाला नवे नसतील. २०१९-२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणात २० ते २४ वयाच्या बायकांना लग्नाचं वय विचारलं गेलं. अठराच्या आत लग्न झालेल्या महाराष्ट्रात २१.९ टक्के निघाल्या. बीड जिल्ह्यात ४३.७ आणि परभणीत ४८ टक्के. या सगळ्या ऊसतोडीच्या घरच्या नाहीत, हे मला ठाऊक आहे. बागाईतदाराच्या घरातही "पोरगी हाताबाहेर जाईल" म्हणून दहावीचा निकाल लागायच्या आत हळद लागते. पण देशाची सरासरी २३.३ असताना आमचे जिल्हे तिच्या दुपटीला का जातात, याचं उत्तर शोधायला निघालं की वाट फिरून फिरून जिथं ऊस पडतो त्या तुमच्या गव्हाणीपाशीच येते.

तुम्ही म्हणाल, लग्न ठरवतो बाप, लावतो भटजी, जेवायला जातं गाव. यात कारखान्याचा काय संबंध?

संबंध हिशेबाचा आहे. मुकादम उचल, म्हणजे हंगामाआधी आगाऊ रक्कम, देतो ती कोयत्यावर. कोयता म्हणजे नवरा-बायकोची जोडी. एकटा गडी असला तर तो अर्धा कोयता, आणि अर्ध्या कोयत्याला टोळीत कुणी राजीखुशीनं घेत नाही. एकानं तोडायचं, दुसऱ्यानं मोळ्या बांधायच्या, दोघांनी वाहायच्या, असं ते काम आहे. त्यामुळे घरात एकोणीस-वीस वर्षांचा पोरगा असला की मुकादम त्याच्या बापाला सरळ सुचवतो, "याचे दोनाचे चार करा, पूर्ण कोयता धरतो." पूर्ण कोयत्याची उचल लाखाच्या घरात जाते. बापाच्या डोक्यावर मागच्या हंगामाची बाकी असते. सूनबाई घरात येणं म्हणजे ती बाकी फिटण्याची सोय. मग पोरगी किती वर्षांची बघायची? पंधरा-सोळाची असली तरी ती मोळी उचलू शकते. आणि ही उचल मुकादमाच्या खिशातली नसते. तोडणी-वाहतुकीच्या करारातून, बऱ्याचदा तुमच्या कारखान्याच्या हमीवर काढलेल्या कर्जातून ती येते. पैसा तुमच्याकडून निघून ठेकेदार, मुकादम करत खाली येतो आणि आमच्या गावात एका नववीतल्या मुलीच्या लग्नाची तारीख ठरवतो.

आता मुलीच्या घरची बाजू. आई-बाप पाच-सहा महिने बाहेर. तेरा-चौदा वर्षांची मुलगी ठेवायची कुणाच्या जिवावर? घरी असते ती आजी, तिला संध्याकाळनंतर दिसत नाही. बरोबर न्यावी तर उसाच्या फडाच्या कडेला कोपी, म्हणजे तात्पुरती झोपडी, तिला दार नाही, जवळपास संडास नाही, आंघोळीला आडोसा म्हणजे साडीचा पडदा. आई-बाप पहाटे तीनला फडात जातात, पोरगी कोपीत एकटी. एका आईला मी समजावायला गेले होते. कायदा सांगितला, शिक्षणाचं सांगितलं, अशा वेळी आम्ही जे जे सांगतो ते सगळं सांगितलं. तिनं भाकरी थापता थापता विचारलं, "सहा महिने तुमच्या घरी ठिवता का मॅडम? मंग नाही करीत लगीन." मी वसतिगृहाचं नाव काढलं. ती म्हणाली, "ते उघडंल तवा निम्मा ऊस तुटलेला आसंल."

तिचं फारसं चुकलं नव्हतं. संत भगवानबाबा शासकीय वसतिगृह योजना २०२१ मध्ये आली. ४१ तालुक्यांत मुलांसाठी आणि मुलींसाठी मिळून ८२ वसतिगृहं, प्रत्येकात शंभरांची सोय, असं कागदावर आहे. त्यातली किती पूर्ण क्षमतेनं चालतात आणि हंगामाच्या आधी दारं उघडतात किती, हे तुम्हीच एकदा विचारून बघा. शाळास्तरावरची हंगामी वसतिगृहं तर मंजुरीच्या फेऱ्यात अशी अडकतात की मूल तोवर कोपीवर पोचलेलं असतं. ही जबाबदारी सरकारची आहे, मान्य. पण ऊसतोड कामगार कल्याण महामंडळासाठी टनामागे १० रुपये तुमच्याकडून जायचे आहेत. दहा लाख टन गाळप करणाऱ्या कारखान्याचे एक कोटी होतात. चांगल्या हंगामात राज्यात हजार लाख टनांच्या वर ऊस गाळला जातो, म्हणजे शंभर कोटी. कुणी किती भरले आणि कुणाचे थकलेत, ही यादी वर्तमानपत्रात छापायला काय हरकत आहे? शेतकऱ्यांच्या थकीत एफआरपीची यादी साखर आयुक्तालयातून दर पंधरवड्याला बाहेर येते, तशी हीही येऊ द्या.

हुंड्याची गोष्ट वेगळी सांगायला नको. वय आणि शिक्षण वाढलं की हुंड्याचा आकडा वाढतो. आठवीतली मुलगी स्वस्तात उजवते. बारावी झालेलीला शिकलेला मुलगा बघावा लागतो आणि त्याची मागणी बापाला झेपत नाही. त्यात घरात रोख रक्कम येते ती फक्त उचल मिळते त्या महिन्यात. मांडव, आचारी, भांडी, सगळं त्यातूनच. म्हणजे बाप मुलीचं लग्न तुमच्या पैशात लावतो, फडात जाऊन ते फेडतो, आणि त्याच हंगामात दुसऱ्या कुठल्यातरी फडात ती मुलगी सासरची उचल फेडत असते.

दोन-तीन वर्षांपूर्वीच्या हिवाळ्यात मी पश्चिम महाराष्ट्रात नातेवाइकांकडे गेले होते. रस्त्याकडेच्या फडात टोळी तोडत होती. माझ्या वर्गातून "सतत गैरहजर" झालेली एक मुलगी तिथं दिसली. आधी तिनं तोंड फिरवलं. मग बहुधा मी थांबलेच म्हणून जवळ आली. ट्रॉलीच्या सावलीत झोळीत लेकरू निजलेलं होतं, हातावर उसाच्या पाल्यानं ओरखडे काढलेले. मी काय बोलावं या विचारात होते, तर तीच म्हणाली, "मॅडम, सतरा नंबरचा फॉर्म कधी सुटतो?" बाहेरून दहावीला बसायचा तो फॉर्म. मी तारखा सांगितल्या. तिनं बोटांवर महिने मोजले. फॉर्म भरायच्या दिवसांत ती फडात, परीक्षा मार्चमध्ये, तेव्हाही ती फडात. "मंग राहू द्या," म्हणाली. पलीकडून गाडी भरायची हाक आली. डोक्यावर चुंबळ ठेवून तिनं मोळी घेतली आणि तिरक्या लावलेल्या फळीवरून ट्रॉलीत चढली. ती मोळी तीस किलोच्या खाली नसावी. त्या दिवशी त्या फडात तुमच्यापैकी कुणाचा तरी चिटबॉय, म्हणजे तोडीची नोंद ठेवणारा कारखान्याचा माणूस, मोटारसायकल लावून पावती फाडत उभा होता. कारखान्याचं नाव मी सांगणार नाही. दुसऱ्या फडात वेगळं काही दिसलं असतं असं मला वाटत नाही.

अशा मुलीला दिवस गेले की काय होतं, हे तुम्हाला तुमच्या कारखान्याचा डॉक्टर सांगू शकेल. अंगात रक्त नाही, कंबरेची हाडं पुरती वाढलेली नाहीत, बाळंतपण अडतं, मूल कमी वजनाचं होतं. पण खरी पंचाईत त्याच्या आधी सुरू होते. अठराच्या आतली गरोदर मुलगी दवाखान्यात आली की डॉक्टरला पोलिसांना कळवावंच लागतं, मुलांवरच्या लैंगिक अत्याचाराविरुद्धचा पॉक्सो कायदा तसा आहे. बायको अठराच्या आतली असली तर नवऱ्यालाही सूट नाही, हे सर्वोच्च न्यायालयानं २०१७ मध्ये स्पष्ट केलं. कायद्याचा हेतू चांगला आहे आणि तो सैल करा असं मी म्हणणार नाही. पण त्या धाकानं घरचे तिला सरकारी दवाखान्यात नेतच नाहीत. नेलीच तर वय एकोणीस सांगतात. वयाचा कागद नाही म्हणून गरोदर बाईला पैसे देणाऱ्या मातृवंदना योजनेत तिचं नाव बसत नाही. गावची आशाताई म्हणते ती माझ्या यादीत नाही, कारखान्याकडची आशाताई म्हणते ती आमच्या हद्दीतली नाही. जिला तपासणीची सगळ्यात जास्त गरज, तीच कुठल्याही वहीत नाही.

पुढचा टप्पा तुम्ही वर्तमानपत्रात वाचलेला आहे. २०१९ मध्ये बीड जिल्ह्यातल्या गर्भपिशव्या काढण्याचं प्रकरण गाजलं, सरकारनं समिती नेमली, ८२,३०९ ऊसतोड महिलांची पाहणी झाली आणि त्यातल्या १३,८६१ जणींची पिशवी काढलेली निघाली. त्या वेळी सगळी चर्चा खासगी दवाखान्यांवर झाली, ती व्हायलाच हवी होती. पण पंधराव्या-सोळाव्या वर्षी लग्न, विशीच्या आत दोन-तीन बाळंतपणं, सहाव्या-सातव्या दिवशी परत ओझं, पाळीत खाडा केला तर पैसे कापले जाणार ही धास्ती, इतकं झाल्यावर तिशीतली बाई स्वतःच डॉक्टरला म्हणते, काढून टाका एकदाची. मार्च २०२४ मध्ये न्यूयॉर्क टाइम्सनं हे छापलं, शीतपेयांच्या मोठ्या कंपन्यांची नावं आली, तेव्हा आपल्याकडे थोडी धावपळ झाली. मुंबई उच्च न्यायालयानं त्याच्या आदल्याच वर्षी ऊसतोड मजुरांच्या हालांची स्वतःहून दखल घेतली होती. आमच्या गावात या दोन्हींतलं काही पोचलं नाही. पोचली ती प्रभातफेरी. ती मीच काढते. मुली "बालविवाह थांबवा" अशा घोषणा देत गावातून फिरतात, त्यातल्या एकदोघींचं ठरलेलं असतं.

कायदा कमी नाही. २००६ चा बालविवाह प्रतिबंधक कायदा २००७ च्या नोव्हेंबरपासून लागू आहे. सज्ञान नवऱ्याला, लग्न लावणाऱ्याला, मदत करणाऱ्याला दोन वर्षांपर्यंत सक्तमजुरी आणि एक लाखापर्यंत दंड. आमच्या जिल्ह्यात भटजी, मंडपवाला, फोटोग्राफर, अगदी वऱ्हाडासकट गुन्हे नोंदले गेलेत. तरी लग्नं होतात, कारण गावपातळीवर हे काम ग्रामसेवकाकडे आहे, म्हणजे आता ज्यांना ग्रामपंचायत अधिकारी म्हणतात त्यांच्याकडे. त्यांच्यावर घरकुलापासून पाणीपट्टीपर्यंत शंभर कामं, राहायला तालुक्याला, आणि उद्या पुन्हा त्याच सरपंचापुढे बसायचं. १०९८ या मुलांसाठीच्या मदत क्रमांकावर कुणी फोन केला तर तासाभरात गावाला कळतं कुणी केला असेल. लग्न थांबलं, बापानं बाल कल्याण समितीपुढे हमीपत्र लिहून दिलं, की चार दिवसांनी दुसऱ्या तालुक्यातल्या मावशीच्या शेतात रात्री उरकतात. नाहीतर कोपीवर. फडात हळद लागली तर तिथं ना ग्रामसेवक ना अंगणवाडीताई. सर्वोच्च न्यायालयानं १८ ऑक्टोबर २०२४ च्या निकालात सांगितलं, की जिल्हा पातळीवर फक्त याच कामाचा अधिकारी नेमा, त्याच्या गळ्यात दुसरं काही अडकवू नका. तो नेमला गेला तरी ऊस तोडायला गेलेल्या गावाचा अधिकारी कोण, हा प्रश्न राहतोच. सहा महिने ते गाव तुमच्या हद्दीत असतं.

नववीच्या मुलींना मी रखमाबाईंची गोष्ट सांगते. अकराव्या वर्षी लग्न झालं, मोठी झाल्यावर नांदायला जायला नकार दिला, नवऱ्यानं मुंबईच्या कोर्टात दावा लावला. १८८७ मध्ये कोर्टानं सांगितलं, नांदायला जा नाहीतर सहा महिने तुरुंगात. त्या म्हणाल्या, तुरुंगात जाईन. पुढे तडजोड झाली, त्या विलायतेत शिकून डॉक्टर झाल्या. एका वर्गात एका मुलीनं हात वर करून विचारलं, "तिच्या वकिलाला पैसे कुणी दिले?" प्रश्न अगदी बरोबर होता. रखमाबाईंच्या मागे डॉक्टर असलेले सावत्र वडील होते, मदतीला समिती उभी राहिली होती. आजच्या कायद्यातही मुलीला आपला बालविवाह रद्द करून घेता येतो, सज्ञान झाल्यावर दोन वर्षांपर्यंत, म्हणजे विसाव्या वर्षापर्यंत. त्यासाठी जिल्हा न्यायालयात अर्ज लागतो. सतरा नंबरचा फॉर्म भरायला जिला फडातून सुटता येत नाही, ती जिल्हा न्यायालयात कशी पोचणार?

सरकारच्या योजनांनी हे मिटेल असं मला वाटत नाही. "लेक लाडकी" चांगली योजना आहे, अठरा वर्षं पूर्ण झाल्यावर ७५ हजार मिळतात. पण ती १ एप्रिल २०२३ नंतर जन्मलेल्या मुलींसाठी आहे. पहिल्या मुलीच्या हातात ती रक्कम २०४१ मध्ये पडेल. माझ्या वर्गात बसलेल्या मुलींनी काय करायचं?

तेव्हा मागण्या तुमच्याकडे आहेत. त्यातली एक सगळ्यांत महत्त्वाची आहे, म्हणून तिच्यावर जास्त लिहिते.

उचल आणि मजुरी जोडीवर देणं बंद करा, माणशी द्या. अर्ध्या कोयत्याला पूर्ण मजूर समजा. दोन भाऊ, बाप-लेक, दोन मित्र, विधवा आई आणि तिचा मोठा मुलगा, कुणीही मिळून काम करू दे, दोघांची नावं वेगळी लिहा, बाईची मजुरी तिच्या स्वतःच्या बँक खात्यात टाका. मुलाचं लग्न झाल्याशिवाय घराला पूर्ण उचल मिळत नाही ही अडचण संपली, की सून आणायची घाई निम्म्यानं उतरेल. याला नवा कायदा लागत नाही, विधानसभा लागत नाही. तोडणी-वाहतूक कराराचा छापील नमुना तुमच्या शेती विभागात तयार होतो, त्यात चार ओळी बदलायच्या आहेत. मुकादम कुरकुरतील, कारण दोन नावांचा हिशेब त्यांना द्यावा लागेल. कुरकुरू देत. कमिशन त्यासाठीच वाढलंय.

दुसरं, वयाचा दाखला घ्या. शाळा सोडल्याचा दाखला किंवा जन्मनोंद, नुसतं आधार नको, त्यावरची तारीख कशी बदलते ते आम्ही बघतो. अडचणी मला माहीत आहेत. खोटे कागद येतील, मुलगी टोळीत असूनही यादीत नसेल, मजूर शेजारच्या कारखान्याकडे वळतील. म्हणून ही अट सगळ्या सुमारे दोनशे कारखान्यांनी एकाच हंगामात घालायला हवी, आणि मुलगी सापडली तर दंड मुकादमाच्या कमिशनमधून जायला हवा, कुटुंबाच्या मजुरीतून नाही. टोळी परत पाठवू नका, उचल परत मागू नका. तसं केलंत तर पुढच्या वेळी तिला लपवतील, आणि अपघात झाला तर विम्यालाही ती सापडणार नाही. "आमचा करार ठेकेदाराशी आहे, मजुरांशी नाही" हे उत्तर कृपा करून देऊ नका. तुमच्या नोंदवहीत प्रत्येक सभासदाच्या प्रत्येक गटातल्या उसाची लागणीची तारीख असते. उसाच्या प्रकारांप्रमाणे आडसाली किती, सुरू किती, खोडवा किती, कुठला प्लॉट कुठल्या आठवड्यात तोडायचा, सगळं संगणकावर. तो ऊस तोडणाऱ्या मुलीची जन्मतारीख ठेवणं एवढं अवघड नसावं.

चिटबॉय आणि शेतकी कर्मचारी रोज फडात असतात. कुठल्या टोळीत नवी नवरी आली, कुठली पोर गरोदर आहे, हे त्यांना सरकारच्या कुठल्याही माणसाच्या आधी कळतं. त्यांना १०९८ चा वापर शिकवा, आणि कळवलं म्हणून त्यांची बदली होणार नाही असं लेखी द्या.

कोपीच्या तळावर वीज, पाणी, संडास आणि दार लागणारी खोली द्या. गरोदर आणि बाळंतिणीला ओझं न देता रोजची मजुरी द्या. हे नवीन नाही, वर्षानुवर्षं मागितलं जातंय, म्हणून एका ओळीत लिहिलं. १० रुपयांच्या निधीतला तुमचा वाटा बॉयलर पेटण्याच्या आधी भरा आणि भरल्याची पावती जाहीर करा, म्हणजे वसतिगृह उशिरा उघडलं तर आम्हाला थेट सरकारला जाब विचारता येईल.

आणि एक व्यक्तिगत विनंती. तुमच्यापैकी बरेच जण आमदार, खासदार, माजी मंत्री आहात. लग्नसराईत एका दिवसात दहा-दहा मांडवांना आशीर्वाद द्यायला जाता, पत्रिकेवर तुमची नावं प्रमुख उपस्थितीत असतात. पुढच्या वेळी स्वीय सहायकाला मुलीची जन्मतारीख विचारायला सांगा. तुम्ही आला नाहीत आणि का आला नाहीत हे गावाला कळलं, तर माझ्या दहा प्रभातफेऱ्यांचं काम होईल.

हार्वेस्टर येतायत, मजुरांचा प्रश्न आपोआप सुटेल, असं मला एका संचालकांनी सांगितलं होतं. यंत्रं येतील तेव्हा येतील. डोंगरातली, लहान तुकड्यांची, पाण्यात भिजलेली शेतं अजून बरीच वर्षं हातानंच तुटणार आहेत, हे त्यांनाही माहीत होतं.

या पत्राचं उत्तर मला नको. नव्या कराराचा नमुना तयार होईल तेव्हा तो मुकादमांच्या आधी लोकांसमोर ठेवा, तुमच्या शेती गट कार्यालयाच्या फलकावर लावा. त्यात माणशी उचल, वयाचा दाखला आणि बाईच्या नावाचं खातं ही तीन कलमं आहेत का, एवढं आम्ही बघू. नसतील तर संघटनांचे प्रतिनिधी त्यावर सही करायला बसतील त्या दिवशी आमच्याकडच्या काही आया आणि काही शिक्षिका तिथं दाराशी असतील.

कळावे,

आपली,
बीड जिल्ह्यातील एक माध्यमिक शिक्षिका

प्रत माहितीसाठी : साखर आयुक्त, पुणे, महिला व बालविकास विभाग, सामाजिक न्याय विभाग, ऊसतोड कामगारांच्या व मुकादमांच्या सर्व संघटना